सॉफ्टवेअर चाचेगिरी

सॉफ्टवेअर चाचेगिरी (किंवा सॉफ्टवेअर पायरसी) म्हणजे प्रताधिकार असलेल्या संगणक आज्ञावलीची प्रताधिकारधारकाच्या परवानगीवाचून, अथवा परवान्याच्या अटी मोडून केलेली नक्कल, वितरण, विक्री किंवा वापर. भारतात हे कृत्य प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये दिवाणी दाव्यास तसेच फौजदारी कारवाईस पात्र आहे. या प्रश्नाचे गांभीर्य किती, याविषयी उद्योगसंस्था, अभ्यासक आणि मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते यांच्यात मतभेद आहेत.

संज्ञा
समुद्रात जहाजे लुटणाऱ्यास मराठीत चाचा म्हणतात. त्यावरून 'पायरसी' या शब्दासाठी 'चाचेगिरी' हा प्रतिशब्द रूढ झाला. भारतीय कायदा मात्र या कृत्यास चोरी न म्हणता 'प्रताधिकारभंग' म्हणतो. वस्तू चोरीस गेली की मूळ मालक तिला मुकतो; नक्कल झाली तरी मूळ प्रत मालकाकडेच राहते, त्याचा हिरावला जातो तो मोबदला. मोफत वाटली जाणारी (फ्रीवेअर) आणि मुक्त परवान्याची सॉफ्टवेअरे त्यांच्या अटी पाळून वापरणे ही चाचेगिरी नव्हे.

प्रकार
सर्वसाधारणपणे पुढील प्रकार आढळतात :
१. एका संगणकासाठी घेतलेला परवाना अनेक संगणकांवर वापरणे. कार्यालये व शिकवणी वर्गांत संभवणारा हा प्रकार अनेकदा अजाणतेपणी घडतो.
२. नवा किंवा जुळणी केलेला संगणक विकताना दुकानदाराने परवान्याविना सॉफ्टवेअर भरून देणे.
३. बनावट सीडी किंवा बनावट परवाना-क्रमांक विकणे.
४. संरक्षणव्यवस्था मोडणारी 'क्रॅक' किंवा 'कीजेन' नावाची साधने वापरून महाजालावरून उतरवून घेणे.

इतिहास
फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून खुले पत्र लिहिले आणि आपल्या बेसिक आज्ञावलीच्या विनामोबदला होणाऱ्या नकलांबद्दल तक्रार केली. या वादाचा तो आरंभ मानला जातो. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा करून नक्कल करण्याचे व बदल करण्याचे स्वातंत्र्य देणाऱ्या सॉफ्टवेअरचा पर्यायी मार्ग मांडला.

भारतात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावलीचा समावेश 'साहित्यकृती'च्या व्याख्येत झाला. त्यामुळे कादंबरीला मिळणारे संरक्षण आज्ञावलीलाही मिळू लागले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड हा संगणकाच्या सुट्या भागांचा मोठा बाजार. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कुप्रसिद्ध बाजारपेठांच्या यादीत त्याचाही उल्लेख होता. महाजालाचा वेग वाढल्यावर सीडीचा व्यापार ओसरला व नकला महाजालावरूनच मिळू लागल्या.

मराठी मुद्रणव्यवहार आणि चाचेगिरी
महाराष्ट्रात या प्रश्नाला भाषेचा एक स्वतंत्र पदर आहे. १९८८ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने, तसेच पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकसारख्या कंपन्यांनी देवनागरी टंकलेखनाची साधने विकसित केली. मॉड्युलरचे 'श्रीलिपी' हे पॅकेज मराठी छपाईत सर्वत्र परिचित झाले. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक पॅकेजची अक्षरसंकेतप्रणाली वेगळी असे. एका फाँटात टंकलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसे. म्हणून लेखकाकडून मुद्रकाकडे फाइल जाताना तिच्याबरोबर फाँटही जाणे जवळजवळ अपरिहार्य झाले. पैसे वाचविण्याच्या हेतूबरोबरच मजकूर वाचता यावा ही गरजही येथे नकलेचे कारण ठरली.

नकलांना आळा घालण्यासाठी काही पॅकेजांबरोबर 'डोंगल' म्हणजे संगणकास जोडावयाचे कुलूपवजा उपकरण दिले जाई. ते जोडल्याखेरीज पॅकेज चालत नसे. त्यामुळे ते हरवले वा बिघडले, तर पैसे मोजणाऱ्या ग्राहकाचेही काम अडे.

पानांच्या मांडणीसाठी पेजमेकर हे सॉफ्टवेअर मराठी मुद्रणालयांत दीर्घकाळ वापरले गेले. त्याची शेवटची प्रमुख आवृत्ती (७.०) २००१ मध्ये निघाली. उत्पादन थांबले म्हणजे सॉफ्टवेअर सर्वांना खुले झाले, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. विक्री बंद झाली तरी प्रताधिकार त्याच्या मुदतीपर्यंत कायम राहतो.

भारतीय कायदा
संगणक आज्ञावलीस निर्मितीबरोबरच प्रताधिकार प्राप्त होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. अधिनियमातील महत्त्वाच्या तरतुदी अशा :
कलम ६३ : जाणूनबुजून केलेल्या प्रताधिकारभंगास सामान्यतः ६ महिने ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड.
कलम ६३ब : आज्ञावलीची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर आर्थिक लाभासाठी किंवा व्यवसायात नसेल, तर न्यायालय कारावास न देता ५० हजार रुपयांपर्यंत दंड करू शकते.
कलम ५२ : कायदेशीर प्रत बाळगणाऱ्यास संरक्षणासाठी राखीव प्रत काढण्याची मुभा.
कलम ६५अ : नक्कल रोखणारी तांत्रिक संरक्षणव्यवस्था प्रताधिकारभंगाच्या हेतूने मोडणे हा गुन्हा. ही तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने आली.

कलम ६३ खालील गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 'निट प्रो इंटरनॅशनल' प्रकरणात मे २०२२ मध्ये दिला.

व्याप्ती आणि मतभेद
बीएसए या सॉफ्टवेअर उत्पादकांच्या संघटनेच्या अंदाजानुसार भारतातील विनापरवाना सॉफ्टवेअरचे प्रमाण २०११ मध्ये ६३ टक्के, २०१३ मध्ये ६० टक्के, २०१५ मध्ये ५८ टक्के आणि २०१७ मध्ये ५६ टक्के होते. २०१७ ची जागतिक सरासरी ३७ टक्के होती. प्रमाण घटत असले तरी त्या वर्षीच्या अंदाजाप्रमाणे भारतात वापरातील निम्म्याहून अधिक सॉफ्टवेअर विनापरवाना होते.

या आकड्यांच्या अर्थाविषयी वाद आहे. फुकट नक्कल वापरणारा प्रत्येक जण ती न मिळाल्यास पूर्ण किंमत मोजून सॉफ्टवेअर घेईलच असे नाही. म्हणून नकलांचे बाजारमूल्य आणि उत्पादकाचे प्रत्यक्ष नुकसान या दोन गोष्टी एक धरता येत नाहीत. जो कॅरागानिस यांनी संपादित केलेल्या २०११ च्या एका अहवालात भारतासह अनेक विकसनशील देशांचा अभ्यास असून, स्थानिक उत्पन्नाच्या मानाने किंमती फार असणे हे चाचेगिरीचे मूळ कारण असल्याचे प्रतिपादन त्यात आहे. नकलांमुळे वापरकर्त्यांना एखाद्या सॉफ्टवेअरची सवय लागते व अंती त्याच्या उत्पादकाचाच फायदा होतो, असाही एक युक्तिवाद आहे.

हा युक्तिवाद जगभर ग्राहक असलेल्या कंपनीला लागू पडला, तरी प्रादेशिक भाषेसाठी साधने करणाऱ्या लहान उत्पादकाला तितकासा लागू पडत नाही. मराठी फाँटाचा किंवा शुद्धलेखन-तपासनिसाचा ग्राहकवर्ग मुळात मर्यादित असतो. त्यातील बहुतेकांनी नक्कल वापरली, तर पुढील सुधारणेचा खर्च भरून निघणे कठीण होते, आणि हानी अखेर भाषेच्या वापरकर्त्यांचीच होते.

सुरक्षेचा धोका याहून कमी वादग्रस्त आहे. 'क्रॅक' साधनांबरोबर हानिकारक आज्ञावली संगणकात शिरू शकतात. विनापरवाना प्रतींचे वापरकर्ते पकडले जाण्याच्या भीतीने अद्ययावतीकरण बंद ठेवतात, त्यामुळे ज्ञात त्रुटी उघड्या राहतात. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर आज्ञावलीने अशाच अद्ययावत न केलेल्या संगणकांना जगभर ग्रासले.

पर्याय
युनिकोडच्या प्रसारामुळे मजकुराबरोबर फाँट पाठविण्याची गरज बरीच कमी झाली. लोहित, तसेच मुंबईच्या एक टाइप संस्थेचे मुक्त व बलू हे देवनागरी फाँट मुक्त परवान्यांखाली विनामूल्य उपलब्ध आहेत. कार्यालयीन कामासाठी लिब्रेऑफिस, पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस, चित्रसंस्करणासाठी गिंप आणि रेखाचित्रांसाठी इंकस्केप ही सॉफ्टवेअरे विनामोबदला व कायदेशीरपणे वापरता येतात. सी-डॅकने लिनक्सवर आधारित 'बॉस' ही कार्यप्रणालीही विकसित केली आहे. जुन्या संकेतप्रणालीतील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केल्यास तो विशिष्ट पॅकेजवर अवलंबून राहत नाही.

हे सुद्धा पहा
प्रताधिकार
मुक्त सॉफ्टवेअर
युनिकोड
देवनागरी