जात्याच्या दोन बाजूंच्या दोघी

नवीन जालन्यात काय नि कुंडलिकेपलीकडं जुन्या जालन्यात काय, लोकगीतांचा कार्यक्रम असला की कुठल्या तरी गावच्या दोघी जणी ओव्या म्हणायला येतात. पेटी नाही, ढोलकी नाही. नुसते दोन गळे. मग कुणीतरी हमखास विचारतं, "ओवीच म्हणायची, तर दोघी कशाला? एकीनं म्हणावी." या प्रश्नाचं उत्तर जुनं आहे, आणि ते जात्यात आहे.

आपल्या मराठवाड्याचं खाणं ज्वारीची भाकरी. ज्वारीचं पीठ ठेवून चालत नाही. विरी गेली की भाकरी थापता थापता तुटते. म्हणून दळण रोजचं, आणि तेही पहाटेचं, कारण उजाडल्यावर शेत वाट बघत असायचं. खालची तळी बसलेली, वरची पाळी फिरणारी, तिच्यात खुंटा. घरचं खटलं मोठं असलं की एकीच्या हातानं पाळी ओढवत नसे. मग जावा-जावा, नणंद-भावजय, नाहीतर शेजारीण समोर यायची. दोघींचा हात एकाच खुंट्यावर. एकीनं ओढायचं, दुसरीनं लोटायचं, मधेच एकीनं तोंडात घास टाकायचा. ओवीही तशीच चालायची. एकीनं ओळ सोडायची, दुसरीनं झेलायची. तेवढ्यात पहिलीला दम घ्यायला सवड मिळे आणि पुढची ओळ सुचायलाही. चालीला बाया 'गळा' म्हणतात, आणि ताल धरायला जात्याची घरघर होतीच.

हे किती जुनं असावं? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणचा. त्यानं इसवी सन 1129च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात, असं त्यात नोंदवलेलं आहे. ज्ञानेश्वरी झाली 1290 साली, म्हणजे त्याच्या दीडशे वर्षांहून नंतर. ज्ञानेश्वरांनी ओवी ग्रंथात नेली, पण ती आधी बायांच्या तोंडी होती. हे आपण जरा मोठ्यानं सांगायला हवं, असं मला वाटतं.

मग आपली जनाबाई. परभणी जिल्ह्यात, गोदाकाठच्या गंगाखेडची. ती दळायला बसली की विठ्ठल येऊन जातं ओढू लागतो, ही कथा आपल्याला ठाऊकच आहे. भाविकाला त्यात देवाची माया दिसते. दळलेल्या बाईला आणखी एक गोष्ट दिसते: जनीच्या समोरची जागा रिकामी होती. दासीच्या दळणाला दुसरा हात नव्हता, तो देवानं लावला.

जनीच्या अभंगात शेवटी तिचं नाव येतं, त्यामुळे ती आपल्याला माहीत आहे. ओवीत तशी नाममुद्रा नसते. माहेरची ओवी सासरी येते, सासरची लेकीबरोबर दुसऱ्या गावी जाते, आणि वाटेत प्रत्येकजण तिच्यात भाऊ-बापाचं, गावाचं नाव बदलते. पहिली कुणाची, सांगता येत नाही. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये हजारोंनी ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतर्फे पुस्तकांमागून पुस्तकं काढली. पण कागदावर ओवी उतरते, गळा उतरत नाही, आणि झेलणारी तर कुठंच दिसत नाही.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन इथलेच झालेले गी पॉइतवँ यांनी 1980च्या दशकात वेगळं काम सुरू केलं. गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, आणि कुणी म्हटली, कुठल्या गावची, कुठल्या तालुक्यातली, हेही लिहिलं गेलं. 1990च्या दशकात ध्वनिमुद्रण झालं. 1996 साली बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यात आहेत. देवाच्या, भावाच्या जागी बायांनी बाबासाहेब आणले, तेही त्याच जात्यावर. आता हा ठेवा 'पारी' या संकेतस्थळावर मोबाईलवरही ऐकता येतो.

गावात वीज आली, पिठाची गिरणी आली. जातं कोपऱ्यात गेलं, आणि जाऊ दे, ते सुख कुणी परत मागणार नाही. पहाटे तीनला उठून ज्यांचे खांदे भरून आले त्यांना विचारा. पण समोरासमोर बसून मन मोकळं करायची ती तासाभराची जागाही गेली. सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, न आलेल्या मुराळ्याबद्दल जे कुठंच बोलता येत नव्हतं, ते तिथं बोललं जाई, आणि समोरची ते ऐकूनच थांबत नसे, आपल्या तोंडानं परत म्हणे. आता जातं बाहेर निघतं ते लग्नात, हळद दळायला, तेही पाच फेऱ्यांपुरतं.

म्हणून कार्यक्रम ठेवणाऱ्या गटांना एक विनंती. दोघींना प्रेक्षकांकडं तोंड करून रांगेत उभं करू नका. समोरासमोर खाली बसवा, माईक एकच असेल तर मधोमध ठेवा. आणि पत्रिकेत 'अमुकबाई आणि साथीदार' असं छापू नका. दोघींची नावं घाला, गावासकट.