देवळालीच्या छावणीतले वारस

देवळाली कॅम्पात मृत्युपत्र न करता माणूस वारला, तर त्याच्या मालमत्तेचे काय होणार हे दोन गोष्टींवर ठरत आले आहे: मरणारा कोणत्या समाजाचा होता आणि त्याचे घर छावणीच्या हद्दीत होते की बाहेर.

19व्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई बंदरात उतरणारे आणि मायदेशी परतणारे गोरे सैनिक देवळालीत थांबत. त्यांच्यापैकी कोणी वारला तर त्याचे चारदोन कपडे, घड्याळ, थकलेला पगार एवढीच त्याची इस्टेट. तिची व्यवस्था 1863 आणि 1893च्या लष्करी देण्यांविषयीच्या ब्रिटिश कायद्यांनुसार होई. आजारपण व अंत्यविधीचा खर्च, लष्कराचे देणे आणि नोकरांचा पगार आधी वळता होई. वारसांच्या वाट्याला उरेल ते. मोहिमेवरच्या सैनिकाला तोंडी मृत्युपत्राची सवलत होती, पण छावणीत बोटीची वाट पाहणाऱ्याला ती मिळणे अवघड. स्वतंत्र भारतातही सैनिकांच्या खासगी चीजवस्तूंसाठी 1950 साली वेगळा कायदा झाला.

खरी गुंतागुंत बंगल्यांची. हवापालटासाठी येणाऱ्या मुंबईकर पारशांनी येथे बंगले आणि सॅनेटोरियम उभारले. पारशांचा वारसाहक्क हा तोवर वादाचा विषय होऊन गेला होता. मुंबई शहरात त्यांना इंग्रजी कायदा लागू असे. त्याचा आधार घेऊन एका थोरल्या मुलाने बापाच्या सगळ्या स्थावरावर हक्क सांगितला, तेव्हा समाज हादरला आणि 1837 साली कायदा करून ही वाट बंद करावी लागली. शहराबाहेर, मोफसिलीत, रूढी चाले आणि तिच्यात विधवा व मुलींच्या हाती पोटगीपलीकडे फारसे काही पडत नसे. 1865चा पारशी उत्तराधिकार कायदा ही या दोन टोकांमधली तडजोड होती. मागे विधवा, एक मुलगा आणि एक मुलगी असतील तर सात भाग व्हायचे: मुलाला चार, विधवेला दोन, मुलीला एक. 1939च्या दुरुस्तीने विधवा मुलाच्या बरोबरीला आली, मुलगी निम्म्यावर राहिली. तिघांना सारखा वाटा मिळायला 1991 उजाडले. (मृताचे आईवडील हयात असतील तर त्यांचाही वाटा निघतो.)

हिंदू घरांत मिताक्षरेचा अंमल होता. एकत्र कुटुंबातल्या विधवेला अन्नवस्त्राचा हक्क, वाटा नाही. डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नांनी झालेल्या 1937च्या कायद्याने तिला मुलाइतका हिस्सा दिला, पण हयातीपुरता. 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तो पूर्ण मालकीचा झाला आणि मृताच्या स्वतःच्या मिळकतीत विधवा, मुलगे, मुली व आई एका रांगेत आल्या. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने 1994 साली दिला, तोही तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरता. ही अट 2005च्या केंद्रीय दुरुस्तीने गेली. मुसलमानांपैकी खोजा आणि मेमन यांची कहाणी उलटी आहे. कुराणाप्रमाणे मुलीला मुलाच्या निम्मे मिळायला हवे होते, पण 1847 साली मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात सर अर्स्किन पेरी यांनी त्यांच्यातली हिंदू वळणाची रूढी ग्राह्य धरली आणि मुलींचा दावा फेटाळला. शरियत कायदा त्यानंतर नव्वद वर्षांनी आला.

वारस कोण हे ठरले तरी कागदोपत्री सिद्ध करावे लागते. त्यासाठी नाशिकच्या दिवाणी न्यायालयात वारस दाखल्याचा अर्ज करतात, तो एल्फिन्स्टनच्या काळातल्या 1827च्या आठव्या रेग्युलेशनखाली. न्यायालय जाहीरनामा काढते आणि हरकतींसाठी महिन्याची मुदत देते. दाखल्याने मालकी मात्र ठरत नाही. मृताच्या वतीने व्यवहार कोणी पाहायचा एवढेच त्याने कळते. बँकेतल्या ठेवी आणि येणी यांसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र वेगळे. भगूरसारख्या शेजारच्या गावात जमिनीची वारसनोंद तलाठ्याकडे होते आणि तेथून फेरफार होऊन सातबाऱ्यावर चढते. छावणीतल्या जमिनींची नोंद जनरल लँड रजिस्टरमध्ये असते. त्यातले ‘ओल्ड ग्रँट’चे बंगले हा खास छावणीचा प्रकार: इमारत धारकाची, जमीन सरकारची. नोटीस देऊन आणि इमारतीची भरपाई मोजून सरकार जमीन परत घेऊ शकते. म्हणून वारसांत वाटणी होते ती इमारतीची आणि वहिवाटीच्या हक्काची. तीन पिढ्यांत एका बंगल्याला डझनभर वारस झाले, तरी खालची जमीन त्यांच्यापैकी कोणाचीच नसते.

कोणीच वारस नसेल तर राज्यघटनेच्या 296व्या कलमानुसार बेवारस मालमत्ता सामान्यतः ती ज्या राज्यात असेल त्या राज्याकडे जाते. ओल्ड ग्रँटच्या बंगल्याला हे लागू केले, तर इमारत महाराष्ट्र शासनाची आणि तिच्याखालची जमीन केंद्राच्या संरक्षण खात्याची, अशी स्थिती उद्भवते.