फाइल कुणी बदलली?

लॅबच्या सामायिक सर्व्हरवरची डेटाफाइल उघडली आणि आकडे बदललेले दिसले, तर तुम्ही आधी काय बघाल? बहुतेक जण फाइलची माहिती बघतात. तिथे मालकाचं नाव असतं, शेवटच्या बदलाची वेळ असते. पण बदल कुणी केला, ते नसतं! मालक एक आणि बदलणारा दुसराच, असं सहज होऊ शकतं. असं का, ते कळायला थोडं मागे जाऊ या.

१९६१ मध्ये एमआयटीत कॉर्बातो यांच्या गटाने सीटीएसएस दाखवली. एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, ही त्यातली कल्पना. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्स सुरू झालं. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलची एक नोंद असते, तिला आयनोड म्हणतात. त्यात मालक, परवानग्या आणि वेळा असतात. म्हणजे फाइल कोण बदलू शकतो हे कळतं. प्रत्यक्षात कुणी बदलली हे नाही. लिनक्सनेही हीच रचना उचलली.

ही उणीव दोन वाटांनी भरली गेली. १९७२ मध्ये बेल लॅब्जमध्येच मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस लिहिलं. बदल कुणी, कधी, कशासाठी केला, हे त्यात आवृत्तीसोबत राहतं. आजचं गिट याच परंपरेतलं. दुसरी वाट सुरक्षेची. १९८३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'ऑरेंज बुक'ने वापरकर्त्यांच्या कृतींची नोंद, म्हणजे ऑडिट, हा निकष घातला. लिनक्सच्या ऑडिटमध्ये तर लॉगइनच्या वेळची ओळख 'सुडो' वापरल्यावरही कायम राहते.

मग प्रश्न सुटला? नाही. १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकाच्या हिशेबात ७५ सेंटांचा फरक आला. खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टॉल यांनी माग काढला, तर कुणीतरी दुसऱ्याच्याच खात्यातून आत शिरत होतं. नोंदीवर विसंबून चालणार नव्हतं. त्यांनी फोनच्या लाइनींना प्रिंटर जोडले आणि घुसखोराची प्रत्येक कळ कागदावर उतरवली. माग शेवटी पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरला पोहोचला.

यातून तुमच्या कामाचं एवढंच: नोंद खात्याचं नाव सांगते, माणसाचं नाही. लॅबमध्ये सगळे एकाच लॉगइनवर काम करत असतील, तर उत्तम ऑडिटही निरुपयोगी. आणि ऑडिट मागचं सांगत नाही. चालू केल्यापासूनचंच सांगतं. म्हणून डेटा यायच्या आधीच स्वतंत्र खाती मागा, ऑडिट लावून घ्या, फाइली गिटमध्ये ठेवा. नाहीतर उद्या थीसिसमधल्या एखाद्या आकड्यावर बोट ठेवलं गेलं, तर संशय सगळ्यांवर आणि पुरावा कुणाकडेच नाही!