हान्सा शहरांचे व्यापारी तह आणि शिक्क्याचा प्रश्न

जुन्या तहांचे कागद वाचतांना संशोधक कलमांकडे जितकें लक्ष देतात तितकें शिक्क्यांकडे देत नाहींत. कलमें महत्त्वाचीं असतात यांत शंका नाहीं. परंतु तह कोणीं केला, तो कोणावर बंधनकारक झाला आणि केव्हांपासून झाला, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें बहुधा कागदाच्या तळाशीं असतात. शिवछत्रपतींनीं इ. स. १६७४ सालीं इंग्रजांशीं केलेल्या तहाच्या बाबतींत हे प्रश्न फारसे अडवीत नाहींत. तेथें एका पक्षास अभिषिक्त राजा आहे व दुसऱ्या पक्षास राजसनद मिळालेली एकच कंपनी आहे. परंतु एक पक्ष म्हणजे अनेक शहरांचा मेळा असेल तर शिक्का कोणाचा, हा प्रश्न निघतोच. उत्तर युरोपांतील हान्सा शहरांचे तह या प्रकारचे आहेत. या शहरांनीं इंग्लंड, फ्लँडर्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि नोव्हगोरोड यांच्याशीं शतकानुशतकें व्यापारी करार केले, पण त्यांच्या संघास स्वतःचा सामाईक शिक्का नव्हता. ही केवळ उणीव होती कीं जाणूनबुजून राखलेली युक्ति होती, याचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे.

प्रथम संघाचें स्वरूप थोडक्यांत सांगूं. आरंभीं हान्सा म्हणजे परमुलखांत एकत्र राहणाऱ्या व्यापाऱ्यांचा मेळा. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीनें इ. स. ११५७ सालीं कोलोनच्या व्यापाऱ्यांस अभय दिलें. पुढें लुबेक व हॅम्बुर्ग येथील व्यापारीहि लंडनास आले आणि इ. स. १२८१ सालीं या सर्वांचा तेथें एक मेळा झाला. इ. स. १३५६ सालीं शहरांची पहिली सर्वसाधारण सभा लुबेक येथें भरली. तेव्हांपासून व्यापाऱ्यांच्या मेळ्याची जागा शहरांच्या संघानें घेतली असें मानण्याचा प्रघात आहे. लंडन, ब्रूज, बेर्गेन व नोव्हगोरोड या त्यांच्या चार मुख्य वखारी. नोव्हगोरोडहून मेण व केसाळ कातडीं, बेर्गेनहून सुकी मासळी, इंग्लंड व फ्लँडर्स येथून लोंकरी कापड, प्रशियांतून धान्य व लांकूड, असा हा व्यापार होता. लहानमोठीं मिळून सुमारें दोनशें शहरें केव्हां ना केव्हां या संघांत होतीं. इतका पसारा असूनहि संघास सामाईक खजिना नव्हता, कायमचें आरमार नव्हतें, आणि इ. स. १५५६ पर्यंत कायमचा अधिकारीहि नव्हता. सभेच्या ठरावांची याद होई व तिच्या नकला प्रतिनिधि आपापल्या शहरीं नेत. तेथील नगरसभेनें मान्य केल्याशिवाय त्या ठरावास जोर येत नसे. संघाच्या वतीनें पत्र जावयाचें तर त्यावर सामान्यतः लुबेकचा शिक्का होई.

इ. स. १३७० च्या मे महिन्याच्या २४ तारखेस स्ट्रालसुंड येथें डेन्मार्कशीं झालेला तह हा संघाच्या सामर्थ्याचा कळस समजतात. त्या तहानें स्कोने प्रांतांतील स्कानोर, फाल्स्टरबो, मालमो व हेल्सिंगबोर्ग हे किल्ले आणि तेथील उत्पन्नाचा दोनतृतीयांश भाग शहरांकडे पंधरा वर्षांसाठीं आला. पण हें युद्ध ज्या मेळ्यानें चालविलें तो इ. स. १३६७ सालीं कोलोन येथें जमला होता व त्यांत अॅम्स्टरडॅमसारखीं हान्साबाहेरचीं शहरेंहि होतीं. म्हणजे जो तह हान्साचा म्हणून सर्वत्र ओळखला जातो, त्यांतील पक्ष आणि हान्सा हीं तंतोतंत एक नव्हेत. केवळ कलमें वाचणाऱ्यास ही गोष्ट कळावयाची नाहीं.

आतां इंग्लंडकडे वळूं. कारण शिक्क्याचा वाद खरा पेटला तो तेथें. पहिल्या एडवर्डनें इ. स. १३०३ सालीं सर्व परदेशी व्यापाऱ्यांस एक सनद दिली. अधिक जकात द्यावी व त्याबदल्यांत मोकळेपणीं व्यापार करावा, असा तिचा सारांश. इतरांच्या हातून ही सनद हळूहळू निसटली, हान्सावाल्यांनीं मात्र ती घट्ट धरून ठेविली. इ. स. १३४७ सालीं कापडावर नवी जकात बसली तेव्हां ‘आमचा दर सनदेंत ठरला आहे’ असें म्हणून त्यांनीं ती देण्याचें नाकारिलें. परिणाम असा झाला कीं, किरमिजी रंग न दिलेल्या साध्या कापडाच्या ठाणास इंग्रज व्यापारी १४ पेनी देई, इतर परदेशी व्यापारी जुनी व नवी मिळून ३३ पेनी देई, आणि हान्साचा व्यापारी अवघ्या १२ पेनींत सुटे. राजाच्या स्वतःच्या प्रजेहून पाहुण्यास जकात कमी, अशी ही विलक्षण स्थिति होती.

इंग्रज व्यापाऱ्यांची तक्रार यांतून उद्भवली. लंडनांत हान्सावाल्यांस जें मिळतें तें आम्हांस डान्झिग बंदरांत मिळावें, अशी त्यांची मागणी. ती अगदींच गैरवाजवी होती असें म्हणवत नाहीं. इ. स. १४३७ च्या तहांत इंग्रजांच्या पदरांत प्रशियांतील हक्कांविषयीं अनुकूल शब्द पडले. परंतु डान्झिगनें विरोध केला आणि प्रशियाच्या अधिपतीनें, म्हणजे ट्यूटॉनिक पंथाच्या महाधिपतीनें, त्या तहास मान्यता दिली नाहीं. लंडनांतील सवलती चालूच राहिल्या आणि डान्झिगमधील हक्क कागदावर राहिले. तेव्हां इंग्रज वारंवार विचारूं लागले कीं, तुमच्या संघांत शहरें तरी कोणतीं, त्यांची यादी द्या. अशी यादी देण्याचें संघ शक्य तोंवर टाळी. कारण यादी दिली कीं प्रत्येक शहराची जबाबदारी निश्चित झाली.

इ. स. १४६८ सालीं हें प्रकरण विकोपास गेलें. आइसलंडांतील डॅनिश अंमलदारास इंग्रजांनीं ठार मारल्याचा सूड म्हणून डेन्मार्कच्या राजानें सुंडच्या सामुद्रधुनींत इंग्रज जहाजें धरलीं. या कामीं हान्सावाल्यांचा हात होता असा आरोप ठेवून इंग्लंडच्या राजसभेनें लंडनच्या वखारींतील व्यापाऱ्यांस अटकेंत टाकिलें व त्यांचा माल जप्त केला. कोलोनच्या व्यापाऱ्यांस मात्र वगळिलें. त्यावर इ. स. १४६९ सालीं संघाच्या बाजूनें जें उत्तर देण्यांत आलें, तें या विषयांतील सर्वांत मोलाचा कागद होय. हान्सा ही रोमन कायद्याच्या अर्थानें कंपनी नव्हे, मंडळ नव्हे, कीं एकदेही संस्थाहि नव्हे. तिला सामाईक मालमत्ता नाहीं, सामाईक खजिना नाहीं, सामाईक शिक्का नाहीं. ती केवळ अनेक शहरांची मैत्री आहे. सबब एकाच्या कृत्याबद्दल दुसऱ्यास धरतां येत नाहीं, असा त्याचा आशय आहे.

या उत्तराची गंमत इतकी कीं, सवलत मागतांना हेच लोक ‘आम्ही सर्व एक’ म्हणून १३०३ च्या सनदेवर बोट ठेवीत, आणि भरपाई देण्याची वेळ आली कीं ‘आम्ही सर्व वेगळे’ म्हणत. घेतांना सामाईक व देतांना पृथक्, हें त्यांच्या व्यापारनीतीचें सूत्र होतें आणि सामाईक शिक्का नसणें हें त्या सूत्राचें साधन होतें. पहिल्या काळांत शिक्का नव्हता तो संघटना शिथिल होती म्हणून, हें आम्हांस मान्य आहे. पण पंधराव्या शतकांत तो केला गेला नाहीं तो समजून-उमजून, असें वरील उत्तरावरून आमचें मत झालें आहे.

युद्ध झालें. समुद्रावर डान्झिगच्या लढाऊ जहाजांनीं इंग्रजी व्यापारास जेरीस आणिलें आणि अखेर इ. स. १४७४ च्या फेब्रुवारींत उत्रेख्त येथें तह झाला. चौथ्या एडवर्डनें जुन्या सवलती परत दिल्या. दहा हजार पौंडांची नुकसानभरपाई हान्सावाल्यांनीं भरावयाच्या जकातींतून वळती करून देण्याचें ठरलें. लंडन, बॉस्टन व लिन येथील वखारींच्या जागा संघास कायमच्या मालकीनें मिळाल्या. इंग्रजांस प्रशियांत पूर्वापार चालीप्रमाणें व्यापार करण्याची मोकळीक मिळाली, म्हणजे नवीन असें कांहींच मिळालें नाहीं. आणखी एक कलम लक्षांत घेण्यासारखें आहे. संघांतून बाहेर पडलेल्या शहरास इंग्लंडांत सवलती मिळूं नयेत, हें इंग्रज राजानें मान्य केलें. याचा रोख कोलोनवर होता. एकटें राहून स्वतंत्र सवलत मिळविल्याबद्दल कोलोनला इ. स. १४७१ सालीं संघानें बहिष्कृत केलें होतें, तें इ. स. १४७६ सालीं परत आलें. ज्या संघास कायद्याच्या दृष्टीनें देहच नव्हता, त्याची शिस्त परक्या राजाच्या जकातनाक्यावरून राखली जावी, हें येथें विशेष होय.

तरीहि तह पुरा झाला असें १४७४ सालीं म्हणतां येत नाहीं. सर्वांत अधिक लढलेल्या डान्झिगनेंच तो मान्य करण्याचें नाकारिलें. त्याची मान्यता इ. स. १४७६ सालीं आली. तेव्हां ‘१४७४ चा उत्रेख्तचा तह’ असें आपण लिहितों त्यांत तारीख वाटाघाटीच्या समाप्तीची आहे. डान्झिगच्या बंदरांतील इंग्रजास ती लागू पडत नाहीं.

पुढील हकीकत लांबविण्याचें कारण नाहीं. सहाव्या एडवर्डच्या कारकीर्दींत, इ. स. १५५२ सालीं, या सवलती काढून घेण्यांत आल्या, मेरी राणीनें त्या कांहीं काळ परत दिल्या, इ. स. १५९८ सालीं एलिझाबेथ राणीनें लंडनची वखारच बंद केली. याच राणीनें इ. स. १६०० च्या डिसेंबरच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीस सनद दिली. एका बाजूस यादी व शिक्का नसलेला शहरांचा मेळा, दुसऱ्या बाजूस नांवनिशीवार भागीदार व एक शिक्का असलेली कंपनी. दोहोंमध्यें दोन वर्षांचें अंतर. एक दुसऱ्याचें कारण झालें असें आमचें म्हणणें नाहीं, पण व्यापारी कराराचा पक्ष कसा असावा याची कल्पना पालटत होती, इतकें यावरून दिसतें. हान्साची शेवटची सभा इ. स. १६६९ सालीं भरली. तथापि लंडनच्या वखारीची जागा इ. स. १८५३ पर्यंत लुबेक, ब्रेमेन व हॅम्बुर्ग यांच्याकडे होती, आणि याच तीन शहरांनीं इ. स. १८२७ सालीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांशीं व्यापारी तह केला. त्या तहांत तिन्ही शहरें नांवानिशीं आहेत. जी यादी देण्याचें पूर्वजांनीं टाळिलें ती वंशजांनीं पहिल्याच ओळींत दिली.

हा प्रश्न केवळ जुनाट आहे असेंहि नव्हे. युरोपीय संघानें कॅनडाशीं केलेला व्यापारी करार इ. स. २०१६ च्या ऑक्टोबरांत बेल्जममधील वालोनिया या एका प्रांताच्या विधिमंडळानें कांहीं दिवस अडवून धरला होता. त्यावर सही झाली ती त्या महिन्याच्या ३० तारखेस, आणि इ. स. २०१७ च्या सप्टेंबरांत तो तात्पुरता म्हणून अंमलांत आला. संघ बोलतो एका तोंडानें, पण मान्यता द्यावयाची अनेकांनीं, ही अडचण तीच आहे. भेद इतकाच कीं, आजच्या संघांतील सभासदांची यादी उघड आहे.

शेवटीं कागदांविषयीं दोन शब्द. हान्साच्या सभांच्या यादी व सनदा छापण्याचें काम स्ट्रालसुंडच्या तहास पांचशें वर्षें झालीं त्या सुमारास, म्हणजे इ. स. १८७० पासून, जर्मन संशोधकांनीं नेटानें चालविलें. लुबेकचें अस्सल दप्तर दुसऱ्या महायुद्धांत मिठाच्या खाणींत हलविलें गेलें, तेथून तें रशियन लोकांच्या हातीं पडलें, व त्याचा मोठा भाग इ. स. १९८७ नंतर परत आला. मधल्या काळांत छापील प्रतींनीं अभ्यास चालला, पण शिक्के, त्यांच्या दोऱ्या व मागील बाजूचे शेरे छापील प्रतींत उतरत नाहींत. आपल्या संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, तहनाम्याची नक्कल करतांना कलमांबरोबर शिक्के किती, कोणाचे, कोणत्या क्रमानें व कोणत्या तारखेचे, आणि कोणत्या पक्षाच्या शिक्क्याची जागा रिकामी आहे, याचीहि नोंद अवश्य करावी. डान्झिगचीं दोन वर्षें अशा नोंदींतूनच हातीं लागतात.