एका मायबोलीचे दोन वारस

कोंकणांतील बेने इस्रायल लोक पिढ्यान्‌पिढ्या घरीं मराठी बोलत आले व प्रार्थना हिब्रूंत करीत आले, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. युरोपांतील ज्यूंचेंहि असेंच झालें. बहुतेक पंडितांच्या मतें, सुमारें हजार वर्षांपूर्वीं ऱ्हाईन नदीच्या कांठीं वसलेल्या ज्यूंनीं शेजाऱ्यांची जर्मन बोली उचलली. तींत हिब्रू शब्द मिसळले. पुढें पोलंड-रशियाकडे गेल्यावर स्लाव शब्दांची भर पडली. हिब्रू लिपींत लिहिली जाणारी ही भाषा म्हणजेच यिद्दिश. हिब्रू ही पवित्र भाषा, तर यिद्दिश ही ‘मामे-लोशन’, म्हणजे आईची भाषा.

घरच्या भाषेस विद्वानांच्या सभेंत मान मिळणें कठीणच. एकोणिसाव्या शतकांतील कित्येक सुशिक्षित ज्यू तिला ‘जार्गन’ म्हणून हिणवीत. तरीहि मेंडेले, पेरेत्स व शोलेम आलेखेम या तिघांनीं तिला वाङ्मयाच्या पंक्तीस बसविलें. १९०८ सालीं चेर्नोवित्स येथें भरलेल्या परिषदेंत तिच्या दर्जाविषयीं कडाक्याचा वाद होऊन, ज्यूंची ती ‘एक राष्ट्रभाषा’ एवढेंच अखेर मान्य झालें. १९२५ सालीं निघालेल्या ‘यिवो’ संस्थेनें विल्ना नगरींत तिचें शास्त्रीय अध्ययन चालविलें. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं जगांत एक कोटीहून अधिक लोक यिद्दिश बोलत.

मग ती लयास कां गेली? पोलिश व रशियन शाळांनीं तिचीं कांहीं मुलें नेलीं, हें खरें. परंतु ती वार्धक्यानें क्षीण झाली असें म्हणणें सत्यास सोडून होईल. नाझींनीं ज्या साठ लाख ज्यूंचा संहार केला, त्यांपैकीं बहुतेकांची हीच मायबोली होती. पुढें १२ ऑगस्ट १९५२ रोजीं सोव्हिएट सरकारनें मॉस्कोंत पेरेत्स मार्किश, डेव्हिड बर्गेल्सन प्रभृति लेखकांसह तेरा जणांस गोळ्या घातल्या.

या संहारांतहि कांहीं माणसें कागद जपत होतीं. वॉर्साच्या कोंडवाड्यांत इमॅन्युएल रिंगेलब्लुम व त्यांचे सहकारी यांनीं रोजचा वृत्तान्त लिहून पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या कॅनांत पुरून ठेविला. १९४६ व १९५० सालीं त्यांतील मोठा भाग हातीं लागला. विल्ना येथें कवि सुत्स्केव्हर व त्यांच्या सोबत्यांनीं जर्मन पहारेकऱ्यांच्या डोळ्यांत धूळ टाकून हस्तलिखितें लपविलीं. आज पॅरिसचें मेदेम ग्रंथालय यिद्दिश ग्रंथांचें धन संभाळीत आहे. स्वीडननें २००० सालीं यिद्दिशला अल्पसंख्यांची भाषा म्हणून मान्यता दिली आहे.

पण या ग्रंथांचे वाचक बहुधा मोठेपणीं ही भाषा शिकलेले असतात. तिच्यांत आजहि भांडणारीं, रुसणारीं लेंकरें पाहावयाचीं असतील, तर लंडनच्या स्टॅमफर्ड हिल किंवा अँटवर्पच्या हासिदी वस्तींत गेलें पाहिजे. या कर्मठ घरांत पेरेत्सच्या कथांना सहसा उंबरठ्याच्या आंत प्रवेश नाहीं. परंतु आईची भाषा मात्र तेथें आईच्याच तोंडीं आहे.

अशा रीतीनें एका वारसाजवळ ग्रंथ आहेत, दुसऱ्याजवळ पाळणे आहेत. पुरलेले कागद नसते, तर काय नष्ट झालें हें जगास कळलें नसतें. हासिदी घरें नसतीं, तर यिद्दिश केवळ पंडितांच्या अभ्यासापुरती उरली असती. भाषेचा अभिमान आपण ग्रंथांवरून मोजतों; तिचें आयुष्य मात्र मुलें घरांत काय बोलतात यावर ठरतें, हा या इतिहासाचा बोध आम्हांस वाटतो.