जुन्या मोटारींचे नट-बोल्ट
दिल्लीत ‘द स्टेट्समन’ या वृत्तपत्राची जुन्या मोटारींची रॅली १९६४ साली सुरू झाली. अशा मोटारीत मूळ भागांना मोल असते, म्हणून गंजलेला बोल्टही फेकण्याऐवजी उजळून घ्यावा. ब्रिटिश गाड्यांत तर पर्याय कमीच: इंग्लिश अभियंता व्हिटवर्थने १८४१ मध्ये ठरवलेल्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, आजच्या मेट्रिक आट्यांचा ६०. दिल्लीतल्या काश्मिरी गेटच्या बाजारातला नवा मेट्रिक बोल्ट तिथे नीट बसत नाही.

गंज आम्लात उतरवून जस्ताचा मुलामा चढवतात. पूर्वी अनेकदा कॅडमियमचा असे, पण ते विषारी. कठीण पोलादाचा बोल्ट मुलाम्यानंतर लगेच सुमारे १९० अंश सेल्सिअसला काही तास तापवावा लागतो. नाहीतर या प्रक्रियेत आत शिरलेला हायड्रोजन त्याला ठिसूळ करतो आणि आवळलेला बोल्ट अचानक तुटतो. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बोल्टांबाबत ही पायरी गाळणे अक्षम्य आहे.