परिचारिकेला वाचा केव्हा फुटली?



मी डॉक्टर नव्हे. शाळाही पुरती शिकलेलो नाही. जीन-प्रेसमधल्या कामगारांची संघटना बांधण्यात माझे आयुष्य गेले. अशा माणसाने परिचारिकांच्या शिक्षणाचा इतिहास सांगावा हे आपणांस चमत्कारिक वाटेल. पण हा विषय मी शोधला नाही; एका मोडलेल्या हाताने तो माझ्यामागे लावून दिला.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. जिनातल्या एका गड्याचा उजवा हात पट्ट्यात सापडला. त्याला वऱ्हाडातल्याच एका दवाखान्यात नेले. नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडले ते त्या काळी कोठेही घडू शकले असते. हाड बसवून प्लास्टर घातले. रात्री तो विव्हळू लागला. औषध देऊनही कळ वाढतच गेली. वॉर्डात दुसऱ्या वर्षाची एक शिकाऊ मुलगी होती. तिने त्याची बोटे पाहिली. ती पांढुरकी आणि गार पडली होती. हलविली की तो किंचाळे. काहीतरी बिनसले आहे हे तिला उमगले. पण मोठ्या सिस्टरांना उठवून सांगावयाचे काय? तिने तापाचा तक्ता भरला आणि ती गप्प राहिली. सकाळी प्लास्टर कापले तेव्हा उशीर झाला होता. हात वाचला, पण मूठ वळेना. जिनातले काम सुटले.

मी त्या मुलीवर भयंकर संतापलो होतो. पुढे ती एकदा आपण होऊन भेटली आणि म्हणाली, "भाऊ, मले दिसलं होतं. पन सांगाचं कसं, थे कोनी शिकवलंच नाही." त्या एका वाक्याचा अर्थ लावण्यासाठी मी वाचू लागलो.

आमच्या वऱ्हाडात लाटसाहेबाचे नाव घेतल्यावाचून आजाऱ्याला दवाखान्यात पाऊल टाकता येत नाही. अमरावतीत पुरुषाला 'इर्विन'मध्ये न्यावयाचे, बाळंतिणीला 'डफरीन'मध्ये. अकोल्याची बाई 'लेडी हार्डिंग'मध्ये जाते. पाट्या बदलल्या, पण लोकांची जीभ बदलली नाही. यांतले डफरीन हे नाव महत्त्वाचे आहे. 1885 साली लेडी डफरीन यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानातील स्त्रियांना वैद्यकीय मदत पोहोचविण्यासाठी निधी उभा राहिला. त्याच्या उद्देशांत उपचाराबरोबर स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देणे आणि परिचारिका व सुइणी तयार करणे हेही होते. पडद्यातली बाई पुरुष डॉक्टरापुढे येत नसे, म्हणून बाईच्या हाताची गरज लागली. पण गरज हाताची होती, मताची नव्हती, आणि पुढची कित्येक दशके शिक्षण त्याच बेताने चालले.

याचे खापर सर्रास फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंवर फोडतात. मला ते अर्धेच खरे वाटते. 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांच्या नावाची शाळा निघाली. शिस्त कडक होती, यात शंका नाही. परंतु शुश्रूषेवरील त्यांच्या पुस्तकात आजाऱ्याचे निरीक्षण कसे करावे यावर स्वतंत्र प्रकरण आहे. "रात्र बरी गेली ना?" असे विचारू नका, किती तास झोप लागली आणि कोणत्या वेळी, हे विचारा, असे त्या बजावतात. म्हणजे परिचारिकेला डोळे असावेत, हा आग्रह त्यांचाच. पुढच्यांनी शिस्त तेवढी उचलली आणि डोळे विसरले.

आपल्याकडे त्यात टंचाईची भर पडली. भोर समितीने 1946 साली अहवाल दिला, तेव्हा या देशात सुमारे 43,000 माणसांमागे एक परिचारिका होती. इंग्लंडात ते प्रमाण 300 ला एक असे होते. एवढ्या टंचाईत शिकाऊ मुलगी विद्यार्थिनी कशी राहणार? ती रात्रपाळीचा स्वस्त हात झाली. आमच्या धंद्यातही शिकाऊ म्हणून पोरगा घ्यावयाचा आणि पुऱ्या कामगाराचे काम करून घ्यावयाचे, ही रीत जुनी आहे. म्हणून मला ती लगेच ओळखता आली.

आता निर्णयशक्तीविषयी. ती पुस्तकातून येत नाही हे सर्वच मान्य करतात. मग ती येते कोठून? येथे मला माझा अनुभव उपयोगी पडला. कारखान्यात अपघात झाला की संघटना साक्षी घेते. सात माणसांनी तोच अपघात पाहिलेला असतो आणि सातजण सात हकीकती सांगतात. एकेकट्याला विचारले तर प्रत्येकजण शपथेवर बोलतो. सातजणांना एका सतरंजीवर बसविले की गंमत होते. एक म्हणतो, "त्याचा पाय घसरला." दुसरा विचारतो, "तू पाय पाह्यला, का पडलेला मानूस पाह्यला?" मग पहिला थबकतो. त्याने पडलेला माणूसच पाहिलेला असतो; पाय त्याने मनाने घातलेला असतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अॅबरक्रॉम्बी नावाच्या विदुषींनी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांवर नेमका हाच प्रयोग केला. 'द अॅनाटॉमी ऑफ जजमेंट' या 1960 च्या पुस्तकात तो आहे. त्यांनी दोन हातांची क्ष-किरण चित्रे पुढे ठेवली आणि फरक लिहावयास सांगितले. विद्यार्थ्यांनी दिसले त्यापेक्षा तर्कच जास्त लिहिले, आणि ते तर्क आहेत याचा त्यांना पत्ता नव्हता. शिक्षिकेने चुका दाखविल्या नाहीत. लहान गटात बसवून त्यांना एकमेकांशी मोकळेपणी बोलू दिले. अशा रीतीने शिकलेली मुले पुढे पाहिलेले आणि ताडलेले वेगळे काढण्यात सरस ठरली. पुस्तक वाचून मला आमची सतरंजी आठवली. 1969 साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने वैद्यकीय शिक्षणच रोग्याच्या प्रश्नाभोवती बसलेल्या लहान गटांवर उभे केले. 1984 साली निघालेल्या आपल्या पुस्तकासाठी अमेरिकेत पॅट्रिशिया बेनर यांनी परिचारिकांना गटांत बसवून त्यांच्याच हकीकती सांगावयास लावल्या. मुरलेल्या परिचारिकेला धोका आधी जाणवतो, त्याला शब्द मागून सापडतात, असे त्यांना दिसले. त्या मुलीला जाणवले होते. शब्द मात्र तिने एकटीने, मध्यरात्री, शोधावयाचे होते.

गटाचेही सोवळे माजवू नये. ज्याचा आवाज मोठा त्याच्यामागे सभा वाहत जाते, हे मी शेकडो गेटसभांत पाहिले आहे. म्हणून सर्वांत धाकट्याला आधी बोलू द्यावे आणि वडीलधाऱ्याने शेवटी.

हे सारे परदेशचे झाले, असे कोणी म्हणेल. तर महाराष्ट्रातच जामखेडला आरोळे पतीपत्नींनी 1970 पासून खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर, बायांना आरोग्याचे काम शिकविले. त्या नियमाने एकत्र जमत आणि आपापल्या गावची आजारपणे मांडून त्यांवर खल करीत. आपल्या विदर्भात गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने पुढचे पाऊल टाकले. ज्या सुइणींना दहा-बारापर्यंतच आकडे येत, त्यांच्यासाठी मण्यांचे साधन केले: दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा, आणि मिनिटाची वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजावयाचा. 1995 पासून 39 गावांत आरोग्यदूत स्त्रिया नवजात बाळांना घरी जाऊन तपासू लागल्या. बाळाचे रडणे क्षीण झाले काय, ओढून पिणे मंदावले काय, अंग गार लागते काय, असे त्या पाहत. त्यांच्या नोंदींतून पुढे असे निघाले की, सात चिन्हांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली तर जंतुसंसर्ग धरून चालावे. नवजात बालकांचा मृत्युदर हजारी 62 होता. तो तीन वर्षांत 25 च्या आसपास आला. लाल मणी सरकल्यावर त्या बाईला कोणाची परवानगी मागावी लागत नसे, याचा त्या आकड्यात मोठा वाटा असावा असे माझे मत आहे. 2011 पासून घरच्या घरी बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत देशभरच्या आशाताईंकडे आली. आज आपल्याच मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळाच्या घरी जाते.

मग अमरावती-अकोल्याच्या दवाखान्यांत शिकणाऱ्या मुलामुलींचे काय? परिचर्या परिषदेचा पदवीचा नवा अभ्यासक्रम 2021 साली आला. क्षमतेवर आधारलेले शिक्षण, गटचर्चा, कृत्रिम रोग्यावर सराव हे सारे त्यात आहे. कागद चांगला आहे. पण पाचजणींच्या गटात एकीने 'केस' लिहावयाची आणि चौघींनी उतरवून घ्यावयाची, याला गटशिक्षण म्हणता येणार नाही. शिक्षिका एक आणि मुली चाळीस. आठ-आठचे गट केले तरी पाच बैठका होतात. तेवढा वेळ कोणाच्या पाळीतून कापावयाचा, हा प्रश्न शिक्षणाचा नसून कामाच्या तासांचा आहे, आणि तेथे माझ्यासारख्याचा संबंध येतो.

गेल्या वर्षी एका दवाखान्याच्या मागणीपत्रात आम्ही एक कलम घातले: पाळी बदलताना खाटेपाशी पंधरा मिनिटे पगारी द्यावीत, आणि त्या वेळी शिकाऊ मुलीने आधी बोलावे. धुलाई भत्त्यावर तासभर घासाघीस झाली. या कलमापाशी साहेबांनी चष्मा काढून विचारले, "पंधरा मिनिटे या बाया करणार काय?"

"रात्री काय पाहिले ते सांगतील," मी म्हटले.

कलम पुढच्या बैठकीवर गेले आहे.